सिटी ३, फेयनूर्ड ३: हातची मॅच गेली कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांसमोर '३-३' एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं सांगावं लागत नाही. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत डच क्लब फेयनूर्डशी झालेल्या त्या बरोबरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नावांचा एक खुलासा आधीच करतो. खाली 'ग्वार्दिओल' म्हणजे बचावपटू योश्को ग्वार्दिओल. प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांना सगळीकडे नुसतं 'पेप' म्हटलं आहे, नाहीतर चुकीचा पास खेळाडूनं दिला की प्रशिक्षकानं असा घोळ होतो.

सामना नक्की कधीचा, आणि स्कोअर कसा हलला?

२६ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, सिटीचं घरचं एतिहाद स्टेडियम. चॅम्पियन्स लीगच्या साखळी टप्प्यातला सिटीचा हा पाचवा सामना. ४४व्या मिनिटाला हालँडनं पेनल्टीवर पहिला गोल केला. मध्यंतरानंतर ५०व्या मिनिटाला गुंडोगन आणि ५३व्या मिनिटाला पुन्हा हालँड. ३-०. मग फेयनूर्डकडून ७५व्या मिनिटाला हाज मूसा, ८२व्या मिनिटाला हिमेनेझ आणि ८९व्या मिनिटाला हान्स्को. सिटीचे शेवटचे दोन गोल तीन मिनिटांच्या फरकानं आले आणि फेयनूर्डचे तिन्ही चौदा मिनिटांत. मधली बावीस मिनिटं सामना जिंकल्यातच जमा होता, आणि खरी गोम त्याच बावीस मिनिटांत आहे.

भारतात किती वाजता होता?

बुधवारी पहाटे १:३०ला. इंग्लंडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात, त्यामुळे तिथल्या रात्री आठच्या सामन्यासाठी सप्टेंबरात आपल्याला १२:३०पर्यंत जागावं लागतं आणि नोव्हेंबरात १:३०पर्यंत. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर पुन्हा १२:३०. गजर लावताना हे विसरलं की पूर्वार्ध तरी हुकतो किंवा तासभर झोप तरी.

हा काही पराभव नव्हता. मग एवढा गहजब कशासाठी?

कारण आधीचे पाचही सामने सिटी हरली होती. लीग कपमध्ये टॉटनहॅमकडून १-२, बोर्नमथकडून १-२, लिस्बनमध्ये स्पोर्टिंगकडून १-४, ब्रायटनकडून १-२, आणि तीनच दिवस आधी याच एतिहादवर टॉटनहॅमकडून ०-४. शेवटचा विजय २६ ऑक्टोबरचा, साउथहॅम्प्टनविरुद्ध, तोही १-० असा. पेपनं करार दोन वर्षांनी वाढवून जेमतेम पाच दिवस झाले होते. फेयनूर्ड हा ड्रॉच्या तिसऱ्या पॉटमधला, म्हणजे मानांकनात खालच्या निम्म्या भागातला संघ, त्यामुळे मालिका खंडित करायला हाच सामना, असं सगळे धरून बसले होते. ५३व्या मिनिटाला तसं झाल्यासारखं वाटलंही. कागदावर पराभवांची मालिका त्या रात्री खरंच थांबली, पण शेवटची शिट्टी झाल्यावर स्टेडियममध्ये जो आवाज होता तो हुर्योचा होता.

तिन्ही गोल ग्वार्दिओल आणि गोलरक्षक एडरसन यांच्याच माथी मारायचे का?

पहिला आणि तिसरा, बऱ्याच अंशी हो. दुसरा नाही.

पहिल्या गोलच्या वेळी ग्वार्दिओलनं मागे दिलेला पास कमी पडला. हाज मूसानं तो मधेच पकडला, एडरसनला वळसा घातला आणि चेंडू रिकाम्या गोलमध्ये सारला. बॅकपास हा फुटबॉलमधला सगळ्यात साधा पास आणि म्हणूनच सगळ्यात बेफिकिरीनं दिला जाणारा. तो देताना तीन गोष्टी सांभाळायच्या असतात. देण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकायची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू त्या वाटेत दबा धरून आहे का ते कळतं. चेंडू गोलच्या दोन खांबांमधल्या पट्ट्यात न देता खांबाच्या बाहेरच्या बाजूला द्यायचा, म्हणजे गोलरक्षकाचा पाय हुकला तरी जास्तीत जास्त कॉर्नर जातो. आणि जोर असा हवा की गोलरक्षकाला एका स्पर्शात खेळता यावं. जोर जास्त झाला तर गोलरक्षक कसाबसा निभावून नेतो, पण कमी झाला तर निभावणारं कोणीच नसतं. ग्वार्दिओलचा पास तिथेच फसला.

दुसऱ्या गोलच्या वेळी गोलसमोर गर्दी होती आणि हिमेनेझनं अगदी जवळून चेंडू आत ढकलला. अशा गोलमध्ये एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. चेंडू तिथपर्यंत इतक्या सहज पोचतोच कसा, हा प्रश्न मात्र विचारावा लागतो, आणि त्याचं उत्तर मधल्या फळीत सापडतं. तिसऱ्या गोलसाठी खाली वेगळं उत्तर आहे.

एडरसन तिसऱ्या गोलच्या वेळी एवढा पुढे का धावला?

कारण सिटीच्या पद्धतीत ते त्याचं कामच होतं.

मैदान १०५ मीटर लांब असतं. सिटीची बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेजवळ उभी राहते, म्हणजे पाठीमागे जवळपास अर्धं मैदान मोकळं. ते राखायला फक्त दोन उपाय आहेत. एक म्हणजे चेंडूवर इतका दबाव आणायचा की लांब पास देणाऱ्याला मान वर करून बघायला वेळच मिळू नये. दुसरा म्हणजे गोलरक्षकानं पेनल्टी क्षेत्राच्या कडेला उभं राहून मागे पडलेला चेंडू झाडून काढायचा. पहिला उपाय चालू असतो तोवर दुसऱ्याची गरज क्वचित लागते. पहिला ढिला पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो.

८९व्या मिनिटाला नेमकं तेच झालं. चेंडू मागे पडला, एडरसन गोल सोडून धावला, फेयनूर्डचा पैशाव त्याच्याआधी पोचला आणि त्यानं क्रॉस दिला. हान्स्कोनं हेडर मारला तेव्हा गोलमध्ये कोणी नव्हतं. चेंडू सरळ गोलच्या दिशेनं येत असेल तर गोलरक्षकानं बाहेर पडणं बरोबर असतं, कारण तो पोचला नाही तर गोल जवळजवळ ठरलेलाच. चेंडू कडेला जात असेल तर गणित उलटं होतं. तिथून थेट गोल होत नाही, क्रॉस द्यावा लागतो आणि क्रॉसला वेळ लागतो. त्या वेळात गोलरक्षक आपल्या जागी असायला हवा. एडरसननं शंभर टक्के खात्री नसताना ऐंशी टक्क्यांचा डाव खेळला. ३-२ची आघाडी आणि एकच मिनिट हातात असताना तो खेळायला नको होता.

तीन-शून्य झाल्यावर खेळाडू बदलले, तिथे घोड्यानं पेंड खाल्ली का?

थोडंफार. बदल करणं चूक नव्हतं. पुढचा सामना लिव्हरपूलशी अॅनफिल्डवर होता, पाचच दिवसांनी, आणि निम्मा संघ जायबंदी होता. जुन्या खेळाडूंना विश्रांती द्यायची आणि सिम्पसन-प्युसीसारख्या पोरसवदा बचावपटूला संधी द्यायची, तर ३-०पेक्षा बरी वेळ कुठली? अडचण एवढीच होती की बाहेर गेलेले खेळाडू मैदानावर बोलणारे होते. कोणी पुढे यायचं, कोणी मागे थांबायचं हे ओरडून सांगणारा आवाज कमी झाला की थकलेला संघ दोन तुकड्यांत फाटतो. पुढचे पाच पुढेच राहतात, मागचे पाच मागे, आणि मधल्या पंचवीस-तीस मीटरमध्ये प्रतिस्पर्धी निवांत चेंडू खेळवतो.

सगळं रॉड्रीच्या गैरहजेरीवर ढकलणं ही पळवाट नाही का?

पळवाटही आहे आणि खरंही आहे. सप्टेंबर २०२४मध्ये आर्सेनलविरुद्ध सिटीच्या या बचावात्मक मिडफिल्डरच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. त्यानंतर पाच आठवड्यांनी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बॅलन डी'ओर मिळालं, तेव्हा तो कुबड्यांवर होता. त्या रात्री कोव्हाचिच, रुबेन दियास आणि स्टोन्सही नव्हते. म्हणजे संघाचा मधला कणाच गायब.

रॉड्री नक्की करतो काय, ते लक्षात घ्यायला हवं. संघ हल्ला करत असताना तो चेंडूच्या मागे दहा-पंधरा मीटरवर उभा असतो आणि चेंडू हरवला तर पुढचा पास कुठे जाईल ते आधीच हेरून तिथे सरकलेला असतो. चेंडू परत मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तो साधा फाउल करतो, मैदानाच्या मध्याजवळ, जिथे फ्री किकचा धोका नसतो. जुने लोक ज्याला 'गरजेचा फाउल' म्हणतात तो हाच. फेयनूर्डविरुद्ध ही जबाबदारी गुंडोगन आणि बर्नार्दो सिल्व्हा यांच्यावर होती. चेंडू पायाशी असताना दोघांच्या हुशारीला तोड नाही. पण गुंडोगन तेव्हा ३४ वर्षांचा होता, आणि दोघंही स्वभावानं चेंडूकडे जाणारे. रिकाम्या जागेकडे जाणारा त्यांच्यात कोणी नव्हता. चेंडू हरवल्यावर त्यांच्या मागे मोकळं रान उरायचं.

मग पळवाट कुठली? तर क्लबला हे उन्हाळ्यातच दिसायला हवं होतं. एका माणसाच्या गुडघ्यावर अख्खी रचना उभी असेल तर त्या जागी दुसरा माणूस घेऊन ठेवणं हे व्यवस्थापनाचं काम. ते पुढे फेब्रुवारीत झालं, पोर्तोहून निको गोन्सालेस आला. तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं.

तीन गोलांची आघाडी पंधरा मिनिटं राखायची तर नेमकं काय करायचं?

गल्लीतला संघ असो की सिटी, यादी फारशी बदलत नाही. दोन्ही बाजूचे फुलबॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी पुढे सोडायचे नाहीत, एक पुढे गेला की दुसऱ्यानं आत, सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) शेजारी यायचं. त्यामुळे चेंडू हरवला तरी मागे किमान तीन आणि त्यांच्यापुढे दोन असे पाच जण जागेवर राहतात. बचावफळी आठ-दहा मीटर मागे घ्यायची. थ्रो-इन आणि गोल किक घाईनं घ्यायच्या नाहीत. चेंडू कडेला ठेवायचा, मधून आडवा पास टाळायचा, कारण मधे अडवलेला पास थेट गोलकडे जातो आणि कडेला अडवलेला निदान वळसा घेऊन येतो. पुढच्या फळीत एक ताज्या दमाचा धावणारा ठेवायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सगळी माणसं पुढे पाठवायला भीती वाटेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पहिला गोल खाल्ल्यावरचं. ३-१ झाल्यावर पुढची पाच मिनिटं काहीही कलाकुसर करायची नाही. चेंडू लांब मारा, बाहेर घालवा, कर्णधारानं पंचांशी दोन शब्द बोलावेत, कोणाच्या तरी बुटाची नाडी सुटावी. सिटीला हे जमत नाही. चेंडू फेकून देणं त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि वर्षानुवर्षं न फेकता जिंकल्यामुळे तो हात, म्हणजे पाय, बसलेलाही नाही.

साखळी टप्प्यात घरची एक बरोबरी एवढी महाग पडते का?

या एका प्रश्नावर दोन तट पडतात. 'दोन गुण घालवले' म्हणणारे आणि 'एक तरी मिळाला' म्हणणारे. गंमत अशी की त्या मोसमाचा शेवटचा तक्ता घेऊन बसलं तर दोघंही बरोबर निघतात, आणि तेही काट्यावर.

नवी पद्धत आधी थोडक्यात. ३६ संघांचा एकच तक्ता, प्रत्येकाचे आठ सामने, चार घरी आणि चार बाहेर. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत, ९ ते २४ यांच्यात बाद फेरीचा प्लेऑफ, २५पासून खालचे घरी. प्लेऑफमध्ये ९ ते १६ क्रमांकांना दुसरा सामना घरच्या मैदानावर मिळतो. जोड्याही क्रमांकानुसार ठरतात. २१ आणि २२ यांना ११ किंवा १२ क्रमांकाचा संघ, तर १५ आणि १६ यांना १७ किंवा १८.

सिटीचे आठ सामने असे: इंटरशी ०-०, स्लोव्हान ब्रातिस्लाव्हावर ४-०, स्पार्टा प्रागवर ५-०, स्पोर्टिंगकडून १-४, फेयनूर्डशी ३-३, युव्हेंटसकडून ०-२, पॅरिसकडून २-४ (तिथेही २-०ची आघाडी होती) आणि शेवटी क्लब ब्रुजवर ३-१. एकूण ११ गुण, गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) अधिक ४, क्रमांक २२.

आता समजा फेयनूर्डला हरवलं असतं आणि बाकी सगळे निकाल तेच राहिले असते. १३ गुण. १३ गुणांवर पॅरिस, बेन्फिका, मोनॅको आणि ब्रेस्ट होते, आणि त्यांच्यात सर्वांत वर पॅरिस, गोलफरक अधिक ५. सिटी ३-० जिंकली असती तर गोलफरक अधिक ७. नुसती ३-२ जिंकली असती तरी अधिक ५, आणि मग जास्त गोल केलेला संघ वर जातो. सिटीचे १८, पॅरिसचे १४. म्हणजे कुठल्याही फरकानं जिंकली असती तरी सिटी १५वी आली असती. समोर बेन्फिका किंवा मोनॅको, आणि परतीचा सामना एतिहादवर. प्रत्यक्षात २२व्या क्रमांकावर राहिल्यामुळे वाट्याला आला रेआल माद्रिद.

याच गणिताचं दुसरं टोक आणखी बोचतं. फेयनूर्ड हरलं असतं तर त्यांचे १२ गुण झाले असते. १२ गुणांवर युव्हेंटस आणि सेल्टिक होते, दोघांचा गोलफरक फेयनूर्डपेक्षा चांगला. मग फेयनूर्ड थेट २२वं. म्हणजे माद्रिद किंवा बायर्नला तोंड द्यायची ती जागा सिटीनं त्या चौदा मिनिटांत त्यांच्याकडून स्वतःकडे ओढून घेतली.

हे झालं 'दोन गुण घालवले'वाल्यांचं. आता उलट बाजू. समजा चौथा गोलही खाल्ला असता, आणि ८९व्या मिनिटानंतर ती भीती अजिबात खोटी नव्हती. १० गुण राहिले असते. ११ गुणांवर स्पोर्टिंग, ब्रुज आणि दिनामो झाग्रेब असे तीन संघ होते. सिटी २५वी, स्पर्धेबाहेर. प्रत्यक्षात २५व्या क्रमांकावर दिनामो झाग्रेब होतं, ११ गुण असूनही गोलफरकावर बाहेर गेलेलं. ज्या एका गुणाला त्या रात्री हुर्यो मिळाली, त्याच गुणानं सिटीला प्लेऑफपर्यंत नेलं.

पैशांत किती नुकसान झालं?

त्या मोसमात साखळी टप्प्यातल्या विजयाला २१ लाख युरो होते आणि बरोबरीला ७ लाख. थेट फरक १४ लाख युरोंचा. तक्त्यातल्या प्रत्येक पायरीची मूळ किंमत २ लाख ७५ हजार युरो, म्हणजे २२वरून १५वर जाण्याच्या सात पायऱ्यांचे १९ लाख २५ हजार. शिवाय ९ ते १६ क्रमांकांना १० लाखांचा वेगळा बोनस. बेरीज ४३ लाख २५ हजार युरो. सिटीसारख्या क्लबला ही रक्कम किरकोळ वाटेल. शेवटच्या सोळांत पोचल्यावर मिळणारे १ कोटी १० लाख युरो हुकले, ते मात्र तितकं किरकोळ नाही.

'घरी तीन गोल खाल्ले' यात अवे गोलचा तोटा नव्हता का?

नाही. अवे गोलचा नियम (दोन सामन्यांची बेरीज सारखी झाली तर बाहेरच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे) युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनं २०२१-२२च्या मोसमापासून बाद फेऱ्यांतून काढून टाकला. साखळी टप्प्यात बरोबरी सोडवताना बाहेर केलेले गोल मोजतात खरे, पण गोलफरक आणि एकूण गोल यांच्यानंतर.

'असं कधीच झालं नव्हतं' म्हणतात, ते खरं आहे का?

७५व्या मिनिटापर्यंत तीन गोलांची आघाडी असूनही न जिंकलेला चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातला हा पहिला संघ. शब्द नीट वाचावेत, 'तीन गोलांची आघाडी घालवणारा पहिला' असं कोणी म्हणत नाही. ती आधीही गेली आहे. सगळ्यात जवळचं उदाहरण आर्सेनलचं, नोव्हेंबर २०१४, घरच्याच मैदानावर अँडरलेख्टविरुद्ध. ५८व्या मिनिटाला ३-० आणि शेवटी ३-३. फरक इतकाच की तिथे गळती ६१व्या मिनिटालाच सुरू झाली होती. सिटीनं याआधी तीन गोलांची आघाडी घालवली ती मे १९८९मध्ये, बोर्नमथविरुद्ध मेन रोड या जुन्या घरच्या मैदानावर. तेव्हाही ३-३च. त्या वेळचे प्रेक्षक आजच्या तरुण चाहत्यांना 'हीच तर खरी सिटी' असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात तो सामना असतो.

स्वतःच्याच संघाची हुर्यो उडवणं बरोबर होतं का?

सात वर्षांत सहा लीग विजेतेपदं देणाऱ्या संघाची हुर्यो उडवायला कृतघ्नपणा लागतो असं एक मत. तिकीट काढून थंडीत बसलेल्या माणसाला नाराजी दाखवायचा हक्क आहे असं दुसरं. आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, एका अटीवर. हुर्यो शेवटच्या शिट्टीनंतर व्हावी, खेळ चालू असताना नाही. ३-१ झाल्यावर स्टेडियममध्ये पसरलेली धास्ती खेळाडूंच्या पायात उतरते. संघ मनानं नाजूक झाला आहे हे सामन्यानंतर खुद्द पेपनंच कबूल केलं.

पेपच्या चेहऱ्यावरच्या ओरखड्यांचं काय होतं?

सामन्यानंतर त्याच्या नाकावर आणि डोक्यावर ओरखडे दिसत होते. आपल्याच नखानं झाले असं त्यानं सांगितलं, वर एक बोचरं वाक्य टाकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा जाहीर खुलासाही केला. त्या फोटोंवर विनोद करत बसू नये, एवढंच.

फेयनूर्डचं नशीब म्हणायचं की कर्तबगारी?

कर्तबगारी. ०-३ झाल्यावर बहुतेक संघ गोलफरक वाचवायला मागे सरकतात. प्रशिक्षक ब्रायन प्रिस्केचा संघ पुढेच दाबत राहिला, म्हणून तर ग्वार्दिओलच्या पासच्या वाटेत हाज मूसा उभा होता. जानेवारीत याच संघानं बायर्नला घरी ३-० हरवलं. १९व्या क्रमांकामुळे प्लेऑफमध्ये मिलान समोर आलं आणि गंमत म्हणजे हिमेनेझ तोवर मिलानला विकला गेला होता. परतीच्या सामन्यात त्यानं पहिल्याच मिनिटाला जुन्या संघाविरुद्ध गोल केला, तरी फेयनूर्ड एकूण २-१नं पुढे गेलं. प्रिस्केला मात्र त्या आधीच, फेब्रुवारीत, नारळ मिळाला होता.

नंतर सिटी सावरली, की हेच चालू राहिलं?

हेच चालू राहिलं. डिसेंबरात घरी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ८७व्या मिनिटापर्यंत १-०, शेवटी १-२. जानेवारीत ब्रेंटफर्डमध्ये २-० वरून २-२. पॅरिसमध्ये ५३व्या मिनिटाला २-०, शेवटी २-४. आणि फेब्रुवारीत एतिहादवर माद्रिदविरुद्ध ८५व्या मिनिटापर्यंत २-१, मग ब्राहिम दियास आणि बेलिंगहॅम, २-३. चॅम्पियन्स लीगमध्ये सिटी घरी हरली ती सप्टेंबर २०१८मधल्या लियोंच्या सामन्यानंतर प्रथमच. परतीच्या सामन्यात एम्बापेनं हॅट्ट्रिक केली आणि सिटी एकूण ३-६नं बाहेर पडली. फेयनूर्डचा सामना हा अपघात होता असं ज्यांना तेव्हा वाटलं, त्यांना या चार तारखा पुरेशा आहेत.

मुंबईत सिटीचे एवढे चाहते कुठून आले?

काही प्रीमियर लीग बघून, काही मुंबई सिटी या क्लबमुळे. नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१मध्ये मुंबईनं आयएसएलची शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, त्यानंतर ही मंडळी पहाटे दीडलाही जागू लागली.

हायलाइट्स पाहून हा सामना समजतो का?

नाही. हायलाइट्समध्ये फक्त चुका दिसतात. पूर्ण सामना मिळाला तर ५३व्या मिनिटापासून ७५व्यापर्यंतचा तुकडा पाहा, गोल नसलेला. चेंडूकडे न बघता सिटीनं चेंडू हरवल्यावर पहिल्या पाच सेकंदांत किती जण त्याच्या दिशेनं पळतात ते मोजा. तिघं पळत असतील तर ठीक. एकच पळतोय आणि बाकीचे हात पसरून उभे आहेत असं दिसलं, की बचावफळी आणि गोलरक्षक यांच्यामधलं अंतर बघा. हाज मूसाच्या गोलपर्यंत थांबावं लागत नाही.